फुजीच्या काळ्या उतारांवर काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैच्या अखेरीस जपानला जाणं होतंय, बरोबर सत्तरीतली आई आहे, शिखर चढायचा विचार नाही. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं की फुजीवर वर गेलं की नुसती काळी खडी आहे, फुलंबिलं काही नाहीत. कासचं पठार आणि हिमालयातली फुलांची दरी पाहिलेल्या माणसाने फुजीवर वेळ घालवावा का, आणि घालवायचा तर नेमका कुठे?

जरूर घालवावा. मी वनस्पती आणि त्यांच्या परिसंस्थांवर काम करते, आणि त्यातला बराच काळ याच डोंगराच्या उतारांवर गेला आहे. तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांचं निम्मं बरोबर आहे. कासला सप्टेंबरात दिसतात तसे फुलांचे गालिचे फुजीवर कधीच दिसणार नाहीत. उंच डोंगरावरच्या वनस्पतींच्या बाबतीत फुजी गरीबच आहे. पण ही गरिबी कशामुळे आली हे कळलं की त्या काळ्या खडीतलं एकेक झाड वेगळं दिसायला लागतं. उघड्या दगडावर पहिलं रोप कोण धरतं, त्याच्या आधाराने दुसरं कोण येतं आणि शेवटी जंगल कसं उभं राहतं, हा सगळा क्रम एकाच डोंगरावर, चालत जाऊन बघता येईल अशी ठिकाणं जगात फार थोडी आहेत.

आधी गरिबीबद्दल. मध्य जपानच्या इतर उंच डोंगरांवर साधारण अडीच हजार मीटरच्या आसपास जंगल संपतं आणि हाइमात्सु नावाच्या सरपटत्या पाइनचा पट्टा सुरू होतो. कमरेएवढी, एकमेकांत गुंतलेली गर्द हिरवी झुडपं, त्यांच्या आडोशाने राहणारा राइचो हा रानकोंबडीएवढा पक्षी, आणि मधल्या मोकळ्या जागांत हिमयुगापासून टिकून राहिलेली फुलझाडं. फुजीपासून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर कितादाके आहे, 3193 मीटर उंचीचं, जपानमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. तिथे हे सगळं आहे, शिवाय कितादाकेसो हे जगात फक्त त्याच डोंगरावर उगवणारं पांढरं फूल आहे. फुजी 3776 मीटर, म्हणजे त्याहून जवळजवळ सहाशे मीटर उंच. आणि फुजीवर हाइमात्सु नाही, राइचो नाही, त्या फुलांपैकी बहुतेक नाहीत.

याचं कारण वय. शेवटच्या हिमयुगात उत्तरेच्या थंड प्रदेशांतल्या वनस्पती दक्षिणेकडे पसरल्या. पुढे हवा तापायला लागली तशा त्या थंडावा शोधत डोंगरांच्या माथ्यांवर चढल्या आणि तिथे अडकून राहिल्या. कितादाके तेव्हाही आजच्यासारखाच उभा होता. फुजीचा आज दिसणारा शंकू मात्र मुख्यतः गेल्या दहा हजार वर्षांतला आहे. त्याच्या पोटात त्याहून जुने ज्वालामुखी गाडलेले आहेत, पण त्यांच्यावर जे काही उगवलं असेल ते लाव्हा आणि राखेखाली गेलं. उद्रेक थोडे शांत झाले तोवर हिमयुग सरलं होतं आणि मधल्या सखल, उबदार भागातून थंडीच्या वनस्पतींना फुजीपर्यंत पोहोचायला वाटच उरली नव्हती. 1960 मध्ये राइचो इथे आणून सोडण्याचा प्रयोग झाला होता. काही वर्षं ते दिसले आणि मग नाहीसे झाले. ज्या झुडपांच्या आडोशाने हा पक्षी एरवी जगतो, ती झुडपंच या डोंगरावर नाहीत.

महाराष्ट्रातल्या माणसाला इथे एक गोष्ट ओळखीची वाटेल. जपानमधले पुष्कळसे ज्वालामुखी अँडेसाइट नावाच्या वेगळ्या ज्वालामुखी खडकाचे आहेत, पण फुजी मुख्यतः बेसॉल्टचा आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्याच जातीचा. फरक आहे तो वयाचा. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची झीज होऊन काळी माती झाली, वर जांभ्याचे सडे तयार झाले, आणि त्या सड्यांवर जगायला शिकलेल्या वनस्पती घडायला अफाट वेळ मिळाला. फुजीचा बेसॉल्ट काही ठिकाणी जेमतेम तीनशे वर्षांचा आहे. तिथे अजून मातीच व्हायची आहे.

हा तीनशे वर्षांचा भाग आग्नेय उतारावर आहे, आणि माझ्या मते वनस्पती बघणाऱ्यासाठी फुजीचा सर्वांत मोलाचा भाग हाच. 16 डिसेंबर 1707 ला या बाजूला डोंगराची कूस फुटली. उद्रेक सुमारे दोन आठवडे चालला. लाव्हा वाहिला नाही, पण सच्छिद्र खडी आणि राख प्रचंड प्रमाणात उडाली. आजच्या टोकियोवर, म्हणजे तेव्हाच्या एदोवर, राखेचा पाऊस पडला, आणि पायथ्याचं सुबाशिरी गाव सुमारे तीन मीटर खडीखाली गाडलं गेलं. हा फुजीचा आतापर्यंतचा शेवटचा उद्रेक. त्या वेळच्या सम्राटाच्या कालखंडावरून इथे पडलेल्या विवराला होएइ म्हणतात.

आता याच अंगाला, गोतेंबा गावाच्या बाजूने चढणारी वाट 1440 मीटरवर जिथे सुरू होते तिथे उभे राहा. समोर उघडा काळा उतार आहे, झाडाचं नाव नाही. याच उंचीवर डोंगराच्या उत्तर अंगाला दाट जंगल आहे, आणि ते तिथून आणखी हजारभर मीटर वर चढत जातं. हवामान जवळपास तेच, उंची तीच. एका बाजूचं घड्याळ 1707 मध्ये पुन्हा शून्यावर आणलं गेलं, एवढाच काय तो फरक. हे नकाशावर बघण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पाय ठेवून बघावं.

या खडीत रोप जगवणं किती अवघड आहे हे लक्षात घ्या. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी खडीतून थेट खाली निघून जातं. उन्हात काळा पृष्ठभाग चांगलाच तापतो आणि रात्री गारठतो. शरद आणि वसंतात जमिनीतल्या ओलाव्याचे सुईसारखे बर्फाचे कण उभे राहतात आणि कोवळं रोप मुळासकट उचलून टाकतात. खडी सतत खाली सरकते. नायट्रोजन जवळजवळ नाही. वसंतात बर्फ आणि पाण्याचा चिखललेला लोंढा सुटला तर वाटेतलं सगळं खरवडून नेतो.

तरीही तिथे इतादोरी उगवते. ही चुक्याच्या कुळातली. जमिनीखाली जाड, लाकडासारखा कंद आणि आडवे धावणारे खोड, वर लालसर ठिपक्यांचे पोकळ देठ. लांबून बघाल तर काळ्या उतारावर हिरव्या गोल बेटांसारखी ती दिसते. जवळ जाऊन एका बेटापाशी बसा, वाट न सोडता बसता येईल अशी पुष्कळ सापडतील. कडेला देठ दाट आणि तरतरीत असतात. मध्यभागी मात्र ते विरळ होतात, कधी पार मरून गेलेले असतात, गेल्या वर्षीच्या गंजाच्या रंगाच्या काड्या तेवढ्या पडलेल्या. ही रोगाची खूण नाही. झाड बाहेरच्या बाजूला वाढत जातं आणि मागे आपला मध्य रिकामा करत जातं. त्या रिकाम्या मध्यातली खडी नीट न्याहाळली तर दाण्यांमध्ये काळसर भुसभुशीत काहीतरी दिसेल. वर्षानुवर्षं कुजलेल्या पानांची ती माती आहे, या उताराची पहिली माती. खडी सरकायची थांबलेली, थोडा ओलावा, थोडं खत. आणि तिथेच दुसऱ्या जातींची गवतं आणि ॲस्टरच्या जातीची रोपं धरलेली असतात. आजूबाजूच्या उघड्या खडीत ती शोधून सापडत नाहीत.

इतादोरी नाव ऐकलं नसेल तरी तिची बदनामी ऐकली असेल. एकोणिसाव्या शतकात ती बागेची शोभा म्हणून युरोपात नेली गेली आणि ब्रिटनमध्ये आज ती सर्वांत त्रासदायक परकी वनस्पतींमध्ये गणली जाते. घराजवळ ती आढळली तर घरासाठी कर्ज मिळणं अवघड होऊ शकतं. डांबर आणि फरशीच्या फटीतून वर येण्याची जी ताकद तिथे डोकेदुखी ठरते, ती तिने राख आणि खडी फोडून वर येतानाच कमावली आहे. मला या वनस्पतीबद्दल मनापासून आदर आहे, आणि तिला फक्त तण म्हणून ओळखणाऱ्या माणसाने एकदा तरी तिला तिच्या घरी बघावं असं वाटतं.

याच उतारावर दुसरी महत्त्वाची वनस्पती म्हणजे जमिनीसरशी पसरणारा खुजा विलो. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी इथे फार सुंदर काम केलं आहे. करामात्सु हा लार्च जातीचा सूचिपर्णी वृक्ष आणि डोंगरी भूर्ज, ही दोन्ही झाडं पुढे या उतारावर जंगल उभं करणारी. पण त्यांच्या मुळांना जमिनीतल्या बुरशीची मदत लागते आणि उघड्या खडीत ती बुरशी नसते. विलोच्या मुळांवर ती असते. म्हणून लार्च आणि भूर्जाची रोपं विलोच्या आसऱ्याला आली तर त्यांच्या मुळांना तिथली बुरशी आयती मिळते आणि ती तग धरतात. पावसाळ्याच्या शेवटी विलोच्या चट्ट्यांत छोट्या छत्र्या उगवलेल्या दिसतात, त्या या बुरशीच्याच. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसं इथे विलोशिवाय जंगल लागत नाही.

आई बरोबर आहे म्हणून मी पहिला दिवस उत्तर बाजूला द्यायला सांगेन. उत्तर पायथ्याच्या कावागुचिको स्टेशनवरून बस थेट 2305 मीटरवरच्या पाचव्या टप्प्यापर्यंत जाते (पायथ्यापासून शिखरापर्यंतच्या वाटेचे असे दहा टप्पे मानतात). चढाईच्या हंगामात खासगी गाड्यांना हा रस्ता बंद असतो, त्यामुळे बसच. उतरल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच बसा, चहा घ्या, शरीराला उंचीची सवय होऊ द्या. दुकानांची गर्दी आणि शिखराकडे निघालेले लोक मागे टाकून पश्चिमेकडे ओचूदो नावाची वाट धरा. पूर्वी यात्रेकरू या वाटेने डोंगराला मधोमध प्रदक्षिणा घालत. पश्चिमेला ओसावा नावाची प्रचंड घळ सतत ढासळत असल्यामुळे पूर्ण फेरी आता होत नाही. पण ओनिवा नावाच्या ठिकाणापर्यंतची चाल फार चढउताराची नाही, रमतगमत तास-दीड तासाची आहे, आणि परतीची बस तिथल्या थांब्यावरून पकडता येते. हवामानाचं एकच सांगते: सकाळी लवकर जा. जुलैअखेर दुपारपर्यंत ढग वर चढतात.

या वाटेवर तुम्ही जंगलाच्या वरच्या कडेवरून चालत असता. काही ठिकाणी शिराबिसो हे फर आणि कोमेत्सुगा हे हेमलॉक यांचं अंधारं जंगल, खाली शेवाळाचा जाड थर. थोडं पुढे गेलात की करामात्सु, आणि त्याच्या वर एकदम उघडी खडी. इतर डोंगरांवर हाइमात्सुने घेतलेली जागा इथे रिकामी असल्यामुळे करामात्सुने ती आपल्या परीने भरून काढायचा प्रयत्न केला आहे. खाली पंचवीस-तीस मीटर सरळ वाढणारं हेच झाड वर गेलं की कमरेएवढं, मग गुडघ्याएवढं होतं आणि शेवटी जमिनीला टेकून आडवं वाढतं. ओनिवाला असं एखादं खुजं झाड निवडा आणि त्याच्याभोवती नजर फिरवा. वाऱ्याच्या बाजूच्या फांद्या नाहीत, असल्या तर वाळलेल्या. खोडाची चढाकडची साल खडीच्या आणि बर्फाच्या माऱ्याने सोलून पांढरी पडलेली. सगळी हिरवी बाजू वाऱ्याच्या आडोशाला. गुडघ्याएवढं झाड कित्येक दशकांचं असू शकतं. करामात्सु हा सूचिपर्णी असूनही पानं गाळतो, आणि हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात पानं नसणं हेच त्याला इतक्या वर टिकवून धरतं. ऑक्टोबरमध्ये हा पूर्ण पट्टा सोनेरी होतो. पुन्हा कधी येणं झालं तर तो महिना धरा.

ओनिवाच्या खाली ओकुनिवा आहे. तिथे फिकट गुलाबी-पांढऱ्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन भरपूर आहे. हिमालयातला बुरांश पाहिला असेल तर लगेच ओळखाल. तुम्ही पोहोचाल तेव्हा त्याचा बहर बराचसा ओसरलेला असेल. कोकेमोमो या बुटक्या झुडपाची चिमुकली चकचकीत पानं मात्र दगडांच्या कडेने जागोजागी दिसतील. त्याची लाल आंबट फळं सप्टेंबरात येतात.

दुसरा दिवस दक्षिणेला, फुजिनोमियाच्या पाचव्या टप्प्याला द्या. 2400 मीटरवरून होएइ विवराच्या काठापर्यंत पाऊण तासाची चाल आहे. सहाव्या टप्प्यापर्यंत चढ आहे, आईला झेपेल तेवढंच करा. विवराच्या काठावर जुलैअखेर ओन्तादे ऐन बहरात असते, इतादोरीचीच नातलग, जाड पानांची, मलईच्या रंगाच्या तुऱ्यांची. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. भिंग असेल तर दोन शेजारच्या झाडांचे तुरे तपासा, एकात पुंकेसर लांब बाहेर आलेले दिसतील आणि दुसऱ्यात फळांची लालसर सुरुवात. हिचं सोटमूळ खोल जातं, म्हणून सरकत्या खडीत ती नांगरल्यासारखी टिकते. तिथेच जांभळ्या फुलांचं मोमेनझुरु मिळेल, शेंगावर्गातलं, म्हणजे मुळांवरच्या गाठींत नायट्रोजन साठवणारं. नायट्रोजन नसलेल्या उतारावर त्याची किंमत सांगायला नको. फुजी-आझामी हा आपल्या उत्कटाऱ्याच्या कुळातला काटेरी प्रकार, तळहाताएवढी जांभळी फुलं खाली मान घालून धरणारा. त्याचा खरा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर. खाली उतरताना एखादं लवकर उमललेलं दिसलं तर सोडू नका.

शिखरावर तुम्ही जाणार नाही, आणि वनस्पतींसाठी जायची गरजही नाही. तिथे जमीन काही ठिकाणी बारमाही गोठलेली असते आणि मुख्यतः शेवाळं आणि दगडफुलं तग धरतात. हवा तापते आहे तशी ही गोठलेली जमीन कमी होत चालली आहे, आणि शिखराच्या आसपासच्या वनस्पतींची नोंद म्हणूनच काळजीने ठेवली जाते.

वेळ उरला तर आओकिगाहारा चुकवू नका. इंटरनेटवर या जंगलाच्या भीतीच्या गोष्टीच जास्त सापडतात. त्या बाजूला ठेवून आखलेल्या वाटेने दिवसाढवळ्या चाला. 864 मध्ये वायव्य पायथ्याला मोठा उद्रेक झाला. लाव्हा इतका वाहिला की सेनोउमी नावाचं मोठं सरोवर बुजून साइ आणि शोजी अशी दोन लहान सरोवरं उरली. सुमारे तीस चौरस किलोमीटरचा तो कातळ आता जंगलाखाली आहे: हिनोकी हा जपानी सायप्रस, हेमलॉक, मधूनमधून ओक आणि मॅपल. म्हणजे गोतेंबाला दिसलेल्या गोष्टीचा अकराशे-साडेअकराशे वर्षांनंतरचा भाग इथे आहे, फक्त खडीऐवजी सलग लाव्ह्यावर. पण इतक्या वर्षांनीही माती काही बोटंच आहे. मुळं खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून ती कातळावर उघडी पसरतात, एकमेकांना वेढतात, दगडांना कवळतात. वाऱ्याने उन्मळलेलं एखादं झाड दिसेल. त्याच्या मुळांची बैठक ताटासारखी सपाट असते आणि खाली लगेच काळा दगड. शेवाळाचा जो जाड हिरवा थर सगळ्यांना इतका आवडतो, तोच इथे पाणी धरतो, आणि बियाणं बहुधा त्यातच रुजतं. लाव्ह्यावर ओढा टिकत नाही. पाणी डोंगरात मुरतं आणि पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. ओशिनोची तळी याच पाण्याची, आणि दक्षिणेला काकिता नदी दिवसाला सुमारे दहा लाख टन पाणी घेऊन जमिनीतून थेट उगवते.

खालच्या जंगलांत फरच्या सोललेल्या साली दिसल्या तर ते हरणांचं काम आहे. त्यांची संख्या वाढली आहे आणि हा इथला खरा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न आपल्या बुटांचा. पाचव्या टप्प्याच्या आसपास इसबगोलाच्या जातीचं एक सखल भागातलं रोप माणसांच्या आणि गाड्यांच्या संगतीने वर आलेलं आहे. निघण्यापूर्वी बुटांचे तळवे आणि पँटच्या दुमडी ब्रशने झाडून घ्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की कोकेमोमोचं रोप किंवा निदान थोडं बी आणता येईल का. नाही. पाचव्या टप्प्याच्या वरचा भाग राष्ट्रीय उद्यानाच्या विशेष संरक्षित क्षेत्रात येतो. तिथून फूल, फांदी, बी, इतकंच काय दगड उचलायलाही बंदी आहे, आणि भारतात रोप-बियाणं आणायचं तर विलगीकरणाचे नियम वेगळेच. कोकेमोमोचा जॅम पायथ्याच्या दुकानांत मिळतो, तो घ्या. बाकी एक दहापट मोठं दाखवणारं भिंग, आईसाठी हलकी घडीची काठी आणि जुलै असला तरी एकेक गरम कपडा बरोबर असू द्या.